हॉल, लाइन, मोबाइल की झूम? कारखान्यातल्या ट्रेनिंगचा पैसा कुठे घालायचा

समजा तुमचा चाकण, रांजणगाव किंवा वाळूजला अडीचशे-तीनशे माणसांचा कारखाना आहे. निम्मी माणसं कायम, निम्मी कंत्राटी आणि ट्रेनी. वर्षाचं ट्रेनिंग बजेट मंजूर झालंय, फार मोठं नाही, आणि टेबलावर कोटेशनं पडली आहेत. एक बाहेरचा ट्रेनर दिवसभराचं ‘इंटरॅक्टिव्ह वर्कशॉप’ देतो म्हणतो. एक कंपनी मोबाइलवरची मॉड्यूल्स विकते. तिसरा तेच सगळं झूमवर घेतो, प्रवासखर्च नाही म्हणून स्वस्तात. चौथं कोटेशन खरं तर कोटेशनच नाही. तुमचाच प्रॉडक्शन मॅनेजर म्हणतोय, आमची जुनी माणसं लाइनवर शिकवतील, तुम्ही फक्त वेळ द्या.

माझा कल आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तेवढी वजावट करता येईल. हाताने करायच्या कामासाठी मी चौथ्याच्या बाजूने आहे. बहुतेक कारखान्यांत नेमकं उलटं होतं. पैसा हॉलला जातो, लाइनवरच्या शिकवण्याला ‘ते तर चालूच असतं’ म्हणून छदामही मिळत नाही. पण हॉल, मोबाइल आणि झूम यांचीही आपापली कामं आहेत आणि ती लाइनवर होत नाहीत. तेव्हा एकेक घेऊ.

त्याआधी ‘इंटरॅक्टिव्ह’ या शब्दाचं ओझं उतरवू. टाळ्या वाजवायला लावणं, फुगे फुगवायला लावणं, दुपारच्या जेवणानंतर सगळ्यांना उभं करून हात हलवायला लावणं म्हणजे इंटरॅक्टिव्ह नव्हे. त्या तासात शिकणाऱ्याने काय केलं, काय ठरवलं, काय चुकवलं आणि ती चूक त्याला कोणी दाखवून दिली का, एवढंच बघायचं. ट्रेनरने विनोद किती केले ते मोजायचं नाही.

आधी एक चाळणी

रिजेक्शन वाढलं की मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतंच, “पोरांना ट्रेनिंग द्या.” देण्याआधी लाइनवर जाऊन बघा. गो-नोगो गेज (पार्ट मापात आहे की नाही ते झटकन सांगणारं साधन) शिफ्टला एकच असेल आणि तो क्वालिटीवाल्याच्या ड्रॉवरमध्ये असेल, तर ऑपरेटर मोजत नाही यात नवल काय? प्रेसचा, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशीनचा, गार्ड काढून ठेवलाय, कारण गार्ड लावून टार्गेट निघत नाही. तिथे सेफ्टीचं वर्कशॉप घेणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. माणसाला काम येतं पण करता येत नाही, किंवा येतं पण करू दिलं जात नाही, अशा वेळी कुठलंच ट्रेनिंग विकत घेऊ नका. त्या पैशात गेज घ्या.

हॉल: एका दिवसाची कार्यशाळा

हॉलची ताकद एकच आहे, पण ती मोठी आहे. तिथे माणसं एकमेकांशी बोलतात. ज्या विषयात बरोबर-चूक एका ओळीत सांगता येत नाही, जिथे प्रसंग बघून ठरवावं लागतं, तिथे हॉलला पर्याय नाही. नवीन सुपरवायझर झालेला मुलगा कालपर्यंतच्या मित्राला उशिरा येण्याबद्दल कसं बोलणार? दोन शिफ्टच्या हस्तांतराच्या वेळी कोण काय सांगत नाही आणि का सांगत नाही? हे मोबाइलच्या पडद्यावर शिकवता येत नाही.

मालकम नोल्स या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९६८ पासून ‘अँड्रागॉजी’ या नावाने प्रौढांच्या शिकण्याबद्दल जे मांडलं, त्यातल्या दोन गोष्टी इथे थेट लागू पडतात. मोठं माणूस रिकामं येत नाही, अनुभव घेऊन येतं. आणि पुढे कधीतरी उपयोगी पडेल म्हणून शिकण्यात त्याला रस नसतो, आज अडलेलं सोडवायचं असतं. नोल्सचं सगळंच पुराव्याच्या कसोटीला उतरलंय असं नाही, यावर बरीच टीकाही झाली आहे. पण अठरा वर्षं प्रेस चालवलेल्या माणसाला ‘सेफ्टी फर्स्ट’ची स्लाइड दाखवून बघा. तो हाताची घडी घालतो. त्याऐवजी “काका, तुमच्या प्रेसवर बोट जाता जाता वाचलं असं कधी झालं?” एवढं विचारा. वीस मिनिटं तुम्हाला बोलावं लागणार नाही.

आता हॉलची दुखणी. पहिलं, बॅच. तीस-पस्तीसच्या वर माणसं गेली की ते व्याख्यान होतं, ट्रेनर काहीही म्हणो. वीस-पंचवीस ठीक. दुसरं, मिसळ. मॅनेजर आणि ऑपरेटर एकाच बॅचमध्ये बसवले की ऑपरेटर गप्प आणि मॅनेजर भाषण देतो. लोकशाही म्हणून हे छान दिसतं, शिकणं शून्य. तिसरं, वेळ. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला सकाळी नऊ ते पाच हॉलमध्ये बसवू नये. तो झोपेल आणि त्यात त्याची चूक नाही.

चौथं दुखणं मोजण्याचं. डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन अभ्यासकाने १९५९ मध्ये ट्रेनिंग मोजायच्या चार पायऱ्या सांगितल्या: आवडलं का, शिकले का, कामावर वागणं बदललं का, धंद्यात फरक पडला का. साठ-पासष्ट वर्षं झाली, आपण पहिल्याच पायरीवर बसलोय. फीडबॅक फॉर्मवर पाचपैकी पाच, ‘ट्रेनर चांगले होते, जेवण उत्तम’. ऑडिटरला फाइल दाखवली की विषय संपला. दिवसभराच्या वर्कशॉपला तर हा फॉर्म नेहमीच चांगला येतो, कारण लाइनपासून एक दिवस सुटका कोणाला नको असते?

हॉलला सगळ्यात शोभणारा विषय म्हणजे पॉश. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती लागते, आणि कलम १९ प्रमाणे ठरावीक काळाने कार्यशाळा, जागृतीचे कार्यक्रम घेणं हे मालकाचं काम आहे. बऱ्याच ठिकाणी एक वकील येतात, कलमं वाचतात, सह्या होतात. हाच वेळ चार प्रसंगांवर घालवा. उदाहरणार्थ: डिस्पॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सुपरवायझर रोज रात्री ‘शायरी’ टाकतो. ग्रुपमधल्या दोन मुली म्यूट करून बसल्यात, तक्रार कोणीच केलेली नाही. तुम्ही लाइन लीडर आहात. काय करणार? पाच-पाच जणांच्या गटात द्या आणि दहा मिनिटं गप्प बसा. “त्यात काय एवढं” म्हणणारा प्रत्येक गटात निघतो, आणि त्याला उत्तर ट्रेनरने द्यायचं नसतं. त्याच्याच शेजारचा देतो. माझं मत विचाराल तर महिलांची एक बॅच वेगळी घ्याच. मिश्र बॅचमध्ये जे प्रश्न येत नाहीत ते तिथे येतात: तक्रारीची तीन महिन्यांची मुदत, समितीवरची बाहेरची सदस्य कोण, नाव फुटलं तर काय.

लाइन: आपल्याच माणसाकडून शिकणं

‘ऑन द जॉब ट्रेनिंग’ म्हणून आपल्याकडे जे चालतं त्याचं खरं नाव ‘याच्या शेजारी उभा राहा आणि बघ’ असं आहे. जुना ऑपरेटर टार्गेटच्या मागे, नवा पोरगा त्याच्या खांद्यावरून बघतोय, तिसऱ्या दिवशी सुपरवायझर विचारतो, “जमेल ना?” पोरगा म्हणतो, “हो सर.” नाही म्हणून सांगतो कुठे? हे फुकट असतं आणि त्याच लायकीचं असतं. मी चौथ्या कोटेशनच्या बाजूने बोलतोय ते याच्या बाजूने नव्हे.

ज्याच्या बाजूने बोलतोय त्याला नीट पद्धत आहे आणि ती जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतली तयार माणसं सैन्यात गेली, कारखान्यांत नवखी माणसं आली, त्यात बायका मोठ्या संख्येने. त्यांना पटकन कामाला लावायचं होतं. म्हणून १९४० ते १९४५ दरम्यान ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाचा सरकारी कार्यक्रम चालला. युद्धानंतर तो जपानला गेला आणि टोयोटासारख्या कंपन्यांत रुजला. त्यातला ‘जॉब इन्स्ट्रक्शन’ हा भाग म्हणजे शिकवणाऱ्यालाच शिकवणं. पाच बैठका, दोन-दोन तासांच्या, एका वेळी दहा जण. एकूण दहा तास.

पहिल्या बैठकीतलं प्रात्यक्षिक आजही तसंच करण्यासारखं आहे. बल्बच्या होल्डरमध्ये वायरच्या दोन तारांची एक गाठ मारतात, म्हणजे वायरला झटका बसला तर ताण गाठीवर येतो, स्क्रूवर येत नाही. शिकवणारा ही गाठ आधी नुसती तोंडाने सांगतो: डावी तार अशी वळवा, उजवी तिच्या मागून घ्या. समोरच्याला जमत नाही. मग नुसती करून दाखवतो, एक अक्षर न बोलता. तरीही जमत नाही. खोलीत हशा पिकतो आणि मग प्रत्येकाच्या लक्षात येतं की आपण रोज लाइनवर या दोनपैकीच एक करतो.

पद्धत चार पायऱ्यांची. माणसाला मोकळं करा आणि त्याला आधी काय येतं ते काढून घ्या. काम एकेक टप्पा दाखवत, मेख सांगत, कारण देत करून दाखवा. मग त्याच्याकडून करून घ्या. मग सोडा, पण फेऱ्या मारत राहा. कागदावर हे सगळ्यांनाच माहीत असतं, खरी गंमत तिसऱ्या पायरीत आहे. ‘समजलं का?’ हा प्रश्न तिथे विचारायचाच नसतो. आधी त्याला मुकाट्याने करू द्यायचं, चुकला तर तिथल्या तिथे थांबवायचं. दुसऱ्यांदा करताना टप्पे बोलायला लावायचे. तिसऱ्यांदा प्रत्येक टप्प्यातली मेख, आणि मग ती मेख का, तेही.

प्रेसचं लॉकआउट-टॅगआउट घ्या, म्हणजे आत काम चालू असताना मशीन कोणी चालू करू नये म्हणून कुलूप आणि टॅग लावणं. डाय (साचा) बदलायला किंवा अडकलेला तुकडा काढायला आत हात घालायच्या आधी मेन आयसोलेटर (वीज तोडणारा मुख्य स्विच) बंद, स्वतःचं कुलूप, टॅग. किल्ली खिशात, सुपरवायझरकडेसुद्धा नाही. हवा सोडून गेज शून्यावर, फ्लायव्हील पूर्ण थांबेपर्यंत थांबायचं, प्रेसच्या वरखाली होणाऱ्या भागाखाली सेफ्टी ब्लॉक. मग स्टार्ट दाबून बघायचं. नवा पोरगा नेमका इथे अडतो.

“स्टार्ट दाब.”

“बंद केलंय की काका, दाबू कशाला?”

“बंद केलंय हे तुला माहितीय. मशीनला माहितीय का ते बघ.”

हे वाक्य कुठल्याही स्लाइडवर नसतं. ते त्या काकांकडे आहे, कारण कधीतरी चुकीच्या मशीनचा आयसोलेटर बंद झालेला त्यांनी पाहिलाय. जॉब इन्स्ट्रक्शनमध्ये काकांकडून हेच काढून घेऊन कागदावर तीन रकान्यांत उतरवतात: टप्पा, मेख, कारण. एका कामाला एक पान. आपल्याकडच्या बारा पानी एसओपीपेक्षा (कामाच्या लेखी पद्धतीपेक्षा) हे पान लाइनवर जास्त वाचलं जातं.

गाडीच्या सुट्या भागांच्या बऱ्याच कारखान्यांत आता डोजो रूम असते. लाइनच्या बाहेर एक खोली, तिथे बोल्ट घट्ट करायचा सराव, चांगल्या-खराब पार्टचे नमुने, आणि सेफ्टीची छोटी मॉडेल्स. मशीनच्या फिरत्या पट्ट्यात बोटाऐवजी खडू घालून तो कसा तुटतो ते दाखवणारं मॉडेल पोरांच्या डोक्यात कायमचं बसतं. डोजो ही लाइन आणि हॉल यांच्या मधली चांगली जागा आहे, कारण तिथे चुकलं तर पार्ट वाया जात नाही आणि बोटही जात नाही. पण ती चालवणारा माणूस हवा. कित्येक डोजो ऑडिटच्या आदल्या आठवड्यात झाडून-पुसून उघडतात.

मग अडचण काय? अडचण माणसाची आहे. जुना ऑपरेटर शिकवायला का तयार होत नाही? तो आडमुठा असतो म्हणून नव्हे. प्रॉडक्शन इन्सेंटिव्ह असेल तर शिकवायच्या दिवशी त्याचे पीस कमी निघतात आणि पगारातून पैसे जातात. शिवाय, मला येतं ते सगळ्यांना आलं तर माझी किंमत काय, ही भीती. शिकवलेला ट्रेनी सहा महिन्यांत शेजारच्या कंपनीत पाचशे रुपये जास्त मिळतात म्हणून जातो, तेव्हा तर तो वैतागतोच. उपाय कागदावर साधे आहेत. शिकवायच्या दिवशी मागच्या तीन महिन्यांची सरासरी इन्सेंटिव्ह द्या. टार्गेटमधून ते मशीन त्या दिवसापुरतं काढा. ‘ट्रेनर’ हा ग्रेड पगारात दिसू द्या, नुसता छातीवरच्या बॅजवर नको. हे प्लांट हेडने मान्य केलं नाही तर चौथं कोटेशन बाद समजा आणि खुशाल बाहेरचा ट्रेनर बोलवा. फुकटात होईल अशा आशेवर राहू नका.

दुसरी अडचण, काका चुकीचं शिकवतील. शॉर्टकटसुद्धा पिढीजात चालत येतात. म्हणून ते एक पान क्वालिटी आणि सेफ्टीच्या नजरेखालून घालवून मगच वापरायचं.

आणि स्किल मॅट्रिक्स, म्हणजे कोणाला कुठलं काम किती येतं याचा तक्ता. भिंतीवरचे ते चार तुकड्यांचे गोल ऑडिटच्या आदल्या रात्री मार्करने कसे भरले जातात ते तुम्हालाही ठाऊक आहे, मलाही. आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या क्वालिटी मानकामध्ये कलम ७.२.२ ऑन द जॉब ट्रेनिंगचंच आहे आणि त्यात कंत्राटी माणसं स्पष्टपणे धरली आहेत. ऑडिटर हुशार असेल तर तो फाइल बघत नाही, मशीनवरच्या कंत्राटी पोराला विचारतो, “हा पार्ट खराब निघाला तर काय करतोस?”

मोबाइल: मॉड्यूल आणि क्विझ

मॉड्यूलची बाजू आधी, कारण तिला उगाच नावं ठेवली जातात. सगळ्यांना एकसारखं सांगायचंय, रेकॉर्ड हवंय, वारंवार सांगायचंय, अशा कामांना मॉड्यूल चांगलं. पहिल्या दिवसाची माहिती: गेट पास, कँटीन, पीएफ, इमर्जन्सी नंबर, असेंब्ली पॉइंट. सरकारी कर्मचाऱ्यांसाठीचा आयगॉट कर्मयोगी हा प्लॅटफॉर्म याच जातीचा. एवढ्या पसरलेल्या नोकरशाहीला हॉलमध्ये बसवणं शक्यच नाही. खासगीत विकत घ्यायचंच असं नाही. मूडल हे मॉड्यूल्स चालवणारं, २००२ पासून असलेलं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. मात्र ते चालवायला, पासवर्ड विसरलेल्यांचे फोन घ्यायला माणूस लागतो आणि तो फुकट मिळत नाही.

मॉड्यूलचा सगळ्यात मोठा फायदा विकणारेही सांगत नाहीत. पुन्हा वाचण्यापेक्षा आठवायला लावणं जास्त टिकतं. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग याबद्दल प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचला, मग काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे. म्हणजे ट्रेनिंग संपल्या संपल्या घेतलेली टेस्ट बरीचशी फसवी. आणि एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच दाखवलं होतं की शिकलेलं आधी भराभर जातं, मग हळूहळू. तेव्हा मोबाइलचा खरा उपयोग तिसऱ्या, दहाव्या आणि तिसाव्या दिवशी तीन-तीन प्रश्न विचारण्यात आहे. याला गूगल फॉर्म पुरतो.

पण प्रश्न कसले, यावर सगळं. ‘पॉश कायदा कोणत्या वर्षी आला?’ याचं उत्तर २०१३ आहे आणि ते येऊन कोणाचंही वागणं बदलत नाही. ‘लॉकआउटचे टप्पे किती?’ हाही तसलाच. त्याऐवजी: ‘इलेक्ट्रिशियनने कुलूप लावलंय आणि तो चहाला गेलाय. सुपरवायझर म्हणतो, पाच मिनिटांचं काम आहे, कुलूप तोड. तू काय करशील?’ उत्तराचे सगळे पर्याय खरे वाटले पाहिजेत, आणि चुकीचा दाबला तर ‘चूक’ एवढंच न सांगता पुढे काय होईल ते दाखवलं पाहिजे. कोटेशन देणाऱ्याला त्याच्या मॉड्यूलमधले दहा प्रश्न मागा. दहापैकी आठ ‘किती’, ‘केव्हा’, ‘कोण’ असतील तर पुढे बोलू नका.

भाषाही बघा. ‘सदर प्रक्रियेदरम्यान वैयक्तिक संरक्षक उपकरणांचा वापर अनिवार्य आहे’ हे मराठी चाकणच्या लाइनवर कोणी बोलत नाही. ‘ग्राइंडिंगला गॉगल घालायचाच’ बोलतात. शिवाय तुमच्या निम्म्या कंत्राटी माणसांना हिंदी लागेल. उत्तर प्रदेश-बिहारच्या पोराने मराठी मॉड्यूल ‘पुढे, पुढे, पुढे’ करून संपवलं की डॅशबोर्डवर शंभर टक्के दिसतं. अजून एक साधी गोष्ट विकत घेताना विसरली जाते: तुमच्या शॉपफ्लोरवर मोबाइल आत नेऊ देतात का? नसेल तर मॉड्यूल घरी, स्वतःच्या डेटावर, स्वतःच्या वेळात होणार. किंवा एकच जण चौघांचं करून देणार.

झूम

यावर फार लिहिण्यासारखं नाही. मशीनवरच्या माणसासाठी झूम नको. कॉन्फरन्स रूममध्ये वीस जण आणि भिंतीवर एक बोलणारा चेहरा, यात हॉलचे तोटे सगळे आणि फायदे एकही नाही. पण तुमचे सर्व्हिस इंजिनियर कोल्हापूरपासून गोंदियापर्यंत पसरलेले असतील, किंवा तुम्ही कारखाना नसून पन्नास शाखांची पतसंस्था असाल, तर झूम चांगलं आहे. स्वस्त आहे म्हणून नव्हे, तर एक दिवस फोडून चार आठवड्यांत नव्वद-नव्वद मिनिटं वाटता येतो म्हणून. मध्ये आठवडाभर काहीतरी करून यायचं आणि पुढच्या वेळी सांगायचं. सलग आठ तासांपेक्षा असं तुटक शिकलेलं जास्त टिकतं. दर सहा-सात मिनिटांनी काहीतरी करायला हवं, तीन-चार जणांच्या छोट्या खोल्यांत वाटता आलं पाहिजे, आणि ट्रेनरशिवाय एक माणूस फक्त चॅट आणि तांत्रिक अडचणी बघायला हवा. कोटेशनमध्ये हा दुसरा माणूस नसेल तर ते वेबिनार आहे.

एकाच वजनाच्या दोन पारड्यांत

पैशांपेक्षा तासांत बोलू, दर जिथल्या तिथे बदलतात. तीस जणांना एक दिवस हॉलमध्ये बसवलं की २४० माणूस-तास गेले, ट्रेनरची फी, जेवण वेगळं. त्याच २४० तासांत दुसरं काय होतं? दहा निवडक माणसांना दहा तासांचं जॉब इन्स्ट्रक्शन, म्हणजे १०० तास. उरले १४०. शिकवणारा आणि शिकणारा दोघांचे तास धरले तर ७० तास समोरासमोर, एकास एक शिकवणं. प्रेस, वेल्डिंग, असेंब्ली, इन्स्पेक्शन, फोर्कलिफ्ट यांसाठी मला तरी दुसरं पारडं जड वाटतं. शिवाय ती दहा माणसं पुढच्या वर्षीही तिथेच असतात.

पॉश, नवीन सुपरवायझर, दोन विभागांची भांडणं यांना हॉल, लहान बॅच, आणि महिन्याने तासाभराची दुसरी बैठक. ती दुसरी बैठक कोटेशनमध्येच लिहून घ्या, नंतर होत नाही. पॉशला मॉड्यूल जोड म्हणून चालेल, बदली म्हणून नको. आयएसओची पॉलिसी, फायर ड्रिलचा रस्ता, नवीन हजेरी अॅप असल्या गोष्टींना मोबाइल, नाहीतर शिफ्टच्या सुरुवातीला पाच मिनिटांचा टूलबॉक्स टॉक. टूलबॉक्स टॉकला कोणी कोटेशन देत नाही म्हणून तो कॅलेंडरवर येत नाही, नाहीतर चांगल्या सुपरवायझरचा तो टॉक अर्ध्या मॉड्यूल्सना भारी पडतो.

पैसे फक्त एकाच गोष्टीपुरते असतील तर? मग दहा माणसांना शिकवायला शिकवा. ट्रेनिंगमध्ये हा खर्च कोणाला दिसत नाही, रंगीत बॅनर नसतो, ग्रुप फोटो नसतो. एचआरला वार्षिक अहवालात ‘इतके मनुष्य-दिवस प्रशिक्षण’ दाखवायचं असतं आणि हा आकडा लहान दिसतो. वरिष्ठांना ते आधीच सांगून ठेवावं लागेल.

कोटेशन हातात आल्यावर

बाहेरचा ट्रेनर ठरवताना मी एक सोपी परीक्षा घेतो. त्याच्या सॅम्पल स्लाइडमध्ये तो त्रिकोण आहे का बघा: ‘माणसाला वाचलेलं १० टक्के, ऐकलेलं २० टक्के, केलेलं ९० टक्के लक्षात राहतं.’ हे आकडे बनावट आहेत. एडगर डेल या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९४६ मध्ये शिकण्याच्या अनुभवांचा शंकू काढला होता खरा, पण त्यात टक्के नव्हते, ते नंतर कोणीतरी चिकटवले. ‘काही जण बघून शिकतात, काही ऐकून, काही करून, म्हणून त्यांची आधी टेस्ट घेऊ’ असं कोणी विकत असेल तर तेही तपासा. २००८ मध्ये मानसशास्त्रज्ञ पॅशलर आणि सहकाऱ्यांनी त्याबद्दलचं संशोधन चाळून पाहिलं, पुरेसा पुरावा सापडला नाही. त्रिकोण दाखवणारा प्रत्येक ट्रेनर वाईट असतो असं नाही. पण त्याने स्वतः किती तपासलंय ते कळतं.

दुसरं, ट्रेनिंगच्या आधी अर्धा दिवस तो लाइनवर यायला तयार आहे का? त्याचे पैसे मागितले तर द्या. जो “गरज नाही सर, मी बऱ्याच ऑटो कंपन्या केल्यात” म्हणतो, त्याच्या प्रसंगांमध्ये तुमची कंपनी नसणार.

तिसरं, तिसाव्या दिवशी लाइनवर काय वेगळं दिसेल ते एका वाक्यात लिहून मागा. ‘अवेअरनेस वाढेल’ चालणार नाही. ‘डाय बदलताना प्रत्येक प्रेसला कुलूप लागलेलं दिसेल, आणि कुलूप लावणाऱ्याला कारण सांगता येईल’ असं हवं. हे वाक्य तुमचा प्रॉडक्शन मॅनेजर आणि ट्रेनर दोघांनी मिळून लिहायचं, आणि तिसाव्या दिवशी दुसऱ्या पाळीत, न सांगता, दोघांनी जाऊन बघायचं. दुसऱ्या पाळीत अशासाठी की पहिलीला सगळे साहेब असतात.